पऱ्हाट्यांचं कुंपण

आमच्या कुंपणाला परवानगी नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या दारात जो जो भांडायला आला तो हेच वाक्य घेऊन आला. परवानगी नव्हती हे खरं, आणि आम्ही ती मागितली नव्हती हेही खरं. आपल्याच जागेला कुंपण घालायला कोणाला विचारावं लागतं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर मायनं काय केलं, ते मला सांगायचं आहे.

बाबा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, टाके काढायचे. अमरावतीहून त्यांची बदली अकोल्याला झाली तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं आणि मी मॅट्रिकच्या वर्गात होते. शहराच्या कडेला एका वावराचे प्लॉट पाडले होते. त्यातला कोपऱ्यावरचा प्लॉट बाबांनी घेतला आणि त्यावर दोन खोल्या बांधल्या, वर टिनं टाकली. क्वार्टर आणि भाड्याच्या खोल्या संपून आपलं म्हणून घर झालं ते हे.

कोपऱ्याचा प्लॉट आमच्या वाट्याला का आला, हे राहायला गेल्यावर कळलं. लेआउटची विहीर आमच्या मागल्या बाजूला होती. नकाशात विहिरीकडे जाणारा रस्ता आमच्या जागेला वळसा घालून जात होता. प्रत्यक्षात अख्खी गल्ली आमच्या जागेतून तिरपी जायची. बादल्या घेऊन बाया जायच्या, सायकली जायच्या, संध्याकाळी परतणारी गुरं जायची. पायवाट अशी घट्ट झाली होती की पावसाळ्यात आजूबाजूचा चिखल गुडघ्याएवढा व्हायचा, पण ती मात्र ओळखू यायची.

मायला पहिल्या दिवसापासून ती वाट खुपली. तिचं माहेर बार्शीटाकळीजवळचं एक खेडं. तिचं बालपण गावकुसाबाहेर गेलेलं. गावाला भिंत होती, ती मायच्या माणसांना बाहेर ठेवण्यासाठी, आणि त्यांच्या घरांना आडोसा म्हणून काही नव्हतं. कोणीही यावं, अंगणात उभं राहून हाक मारावी, कामाला चला म्हणावं. दीक्षा घेतल्यावर आमच्या घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि माय म्हणायला लागली, "आता मले माया अंगनात कोनी न विचारता आलेलं चालनार नाई." बाबा हसायचे. ते स्वभावानं भिडस्त होते. दिवसभर लोकांचे पाय हातात घेणारा माणूस, त्याला कोणाचं मन दुखवायचं अवघड जायचं.

पहिल्या हिवाळ्यात मायनं वाटेच्या एका अंगाला वाफे केले. मेथी, वांगी, आणि सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. वाट तशीच ठेवली होती. आमच्या समोर एक निवृत्त मास्तर राहायचे. लेआउटमध्ये त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या घराचं काम निघालं आणि रेतीची बैलगाडी विहिरीकडच्या अंगानं आणायची ठरली. गाडी रस्त्यानं वळसा घालून न आणता त्यांनी सरळ आमच्या जागेतून घातली. मी शाळेतून आले तेव्हा मेथीच्या वाफ्यात चाकोरी उमटली होती आणि वांग्याची झाडं आडवी पडली होती. माय ओसरीवर उभी होती. मास्तर गाडीवानाला वाट दाखवत होते.

"मास्तर, गाडी रस्त्यानं न्यायची," माय म्हणाली.

"मोकळी जागा आहे बाई," ते म्हणाले. "रस्ताच समजायचं."

ते रागावले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांना त्यात रागावण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माय आणि मी नाल्याकडे गेलो. बाभळीच्या काट्या तोडल्या, दोरानं बांधून ओढत आणल्या. हाताला, पोटऱ्यांना ओरखडे आले. माझी परीक्षा जवळ आली होती, पण माय म्हणाली, "अभ्यास रातच्याला कर. आज मले तू पायजेन." आम्ही चारी अंगांनी काट्या लावल्या, मधे मधे खुंट ठोकले. दवाखान्यातून बाबा आले, सायकलीवरून उतरले, आणि बाहेरच उभे राहिले.

"हे काहून केलं?" त्यांनी विचारलं.

"घर हाये मनून."

"लोक काय मनतीन?"

"लोकायले तोंड हाये. मनतीन."

सकाळी बाया बादल्या घेऊन आल्या आणि काट्यांपाशी थांबल्या. त्यांना वळसा घालून जावं लागलं. वळसा काही मोठा नव्हता, चार घरांच्या लांबीचा असेल. पण त्या दिवशी विहिरीवर दुसरा विषय नव्हता.

तिथलं आणखी एक सांगायला हवं. विहीर लेआउटची होती, सगळ्यांची होती, तिथे आम्हाला कोणी अडवत नव्हतं. तसं अडवायचे दिवस गेले होते. पण मायची बादली काठावर टेकली की शेजारच्या दोन बादल्या उचलल्या जायच्या. कोणी काही बोलायचं नाही. बादली उचलायची, थोडी दूर ठेवायची, आणि गप्पा पुढे चालू ठेवायच्या. माय घरी येऊन ह्याबद्दल काही सांगायची नाही. मी स्वतः पाहिलं म्हणून मला माहीत.

मग नगरपालिकेचे ओव्हरसियर आले. तरुण होते, बोलायला चांगले. हातात नोटीस होती. त्यांनी ती वाचून दाखवली आणि समजावूनही सांगितली. रहिवासी भागात कुंपण घालायचं तर अर्ज करावा लागतो, सोबत नकाशा द्यावा लागतो. रस्त्याच्या बाजूला काट्या, टोकदार तार, भिंतीवर काचा, हे चालत नाही. भिंत असो की तार, रस्त्याकडून छातीच्या वर जायला नको. फाटक रस्त्यावर उघडता कामा नये, आत उघडायला हवं. आणि कोपऱ्याचा प्लॉट असेल तर कोपरा सोडावा लागतो, वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसायला हवं म्हणून.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे समद्यायलेच हाये का आमालेच?"

"सगळ्यांना आहे."

"मंग त्या भिंतीवर काचा हायेत, त्यायचं काय?" तिनं मास्तरांच्या कंपाउंडकडे बोट केलं. ऊन पडलं की त्या हिरव्या काचा चमकायच्या.

ओव्हरसियरांनी नोटिशीची घडी घातली. "त्यांच्याबद्दल तक्रार नाही आली, बाई. तुमच्याबद्दल आली."

"असं हाये तं," माय म्हणाली.

त्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. सरकारी नोकरानं शेजाऱ्यांशी वाद घालू नये, पब्लिकचा रस्ता अडवला अशी कुजबुज कानावर आली आहे, एवढंच ते म्हणाले. बाबा घरी आले. चहा न घेता त्यांनी विळा उचलला.

"कुठं चाल्ले?" मायनं विचारलं.

"काढून टाकतो काट्या. नोकरी गेली तं कुंपन चाटाचं का?"

"तुमी काढा. उद्या मी पुन्हा लावीन."

ते बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी एक खुंट उपटला, काट्यांचा एक भारा बाजूला ओढला. तेवढ्यात मास्तर त्यांच्या फाटकातून बाहेर आले. मास्तरांची एक पद्धत होती. ते बाबांना अरे म्हणत नसत, कारण बाबा सरकारी माणूस. अहोही म्हणत नसत. दोन्ही टाळून बोलायचे.

"काढलं वाटतं. बरं झालं," ते म्हणाले. "शहाणपणाचं केलं. आता काढायचंच आहे तर इकडून जरा रुंद ठेवायचं. बैलगाडी जाईल एवढं. आणि ते वाफेही हलवायचे पलीकडे, म्हणजे पुन्हा कटकट नको."

बाबा वाकलेले होते ते सरळ झाले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.  मग ओढून बाजूला टाकलेला भारा उचलला आणि जिथून काढला होता तिथे परत लावला. खुंट ठोकायला दगड शोधला, खुंट ठोकला. हातातून रक्त येत होतं, ते पुसलंसुद्धा नाही.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"जागा मायी हाये," बाबा म्हणाले. "वाफे कुठं ठेवाचे ते तुमी नोका सांगू."

आत येऊन त्यांनी विळा कोनाड्यात ठेवला आणि मायला म्हणाले, "चहा कर." ह्यानंतर त्या विषयावर त्यांचं-मायचं भांडण झालं नाही. आयुष्यात मी बाबांचा मोठा आवाज फारसा ऐकला नाही. त्या दिवशीही तो मोठा नव्हता.

नोटिशीची मुदत संपली. सकाळी नगरपालिकेचा मुकादम माणसं घेऊन आला, हातात लांब आकड्या. मागोमाग ओव्हरसियर. गल्लीतले लोक आपापल्या दारात आले. माय पदर खोचून पुढे झाली, मी तिच्या बाजूला.

"थांबा," ती म्हणाली. "काट्या रस्त्यावर टोचतेत हे खरं हाये. कोनाच्या लेकराच्या पायात जातीन. त्या आमीच काढतो. पर माया जागेवर तुमच्या मानसायनं हात नाई लावाचा."

ओव्हरसियरांनी मान हलवली. आम्ही दोघींनी सगळ्या काट्या काढून मागे नेऊन टाकल्या. दारादारातून लोक पाहत होते. कोणीतरी हसलं. त्या संध्याकाळी बाया पुन्हा तिरप्या वाटेनं पाण्याला गेल्या. माय ओसरीवर बसून त्यांना जाताना बघत होती. मला वाटलं, संपलं.

पण तिनं मामाला निरोप धाडला होता. कापसाची वेचणी उरकून वावरं मोकळी व्हायला लागली होती. दोन दिवसांनी मामा पऱ्हाट्यांनी भरलेली गाडी घेऊन आला. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं. आमच्याकडे चूल त्यांच्यावरच पेटते. प्रत्येक घराच्या मागे त्यांचा ढीग असतो. मायनं ढीग केला नाही. हद्दीच्या आत वीतभर जागा सोडून तिनं पेंढ्या एकापुढे एक रचायला घेतल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, छातीच्या खाली राहील एवढ्या उंच. रस्त्याकडचा कोपरा मात्र तिनं सोडून दिला, गाडी वळेल इतका. मामानं विचारलं, "इकडं काहून नाई?" तर म्हणाली, "तो नियम बरा हाये."

ओव्हरसियर पुन्हा आले. पेंढ्यांच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

"बाई, हे कुंपणच झालं."

"कुंपन कुठं हाये साहेब? माया घरचं जळतन हाये. जळतन रचाले परवानगी लागते का?"

त्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण हसू लपलं नाही. "नाही लागत," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "पण हे असं किती दिवस? पावसाळ्यात काय कराल? रीतसर अर्ज करा. तुमचा अर्ज नियमात बसतो."

अर्ज मी लिहिला, बाबांनी सही केली. नकाशा ओव्हरसियरांनी सांगितला तसा काढला. अर्ज दिल्याबरोबर हरकत आली. मास्तर आणि गल्लीतल्या काही जणांनी लिहून दिलं की ही पूर्वापार वहिवाटीची वाट आहे, ती बंद झाली तर लोकांचे पाण्यावाचून हाल होतील. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. लेआउट पडून चार-दोन वर्षं झाली होती, त्यात पूर्वापार काय असणार, पण तसं लिहिलं होतं.

उन्हाळ्यात सुनावणी झाली. नगरपालिकेतल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं एका बाजूला, मास्तर आणि गल्लीतले लोक दुसऱ्या बाजूला. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं, त्याचा वास येत होता. मास्तर छान बोलले. पाण्याचं पुण्य, शेजारधर्म, सार्वजनिक हित. त्यांना वर्गात शिकवायची सवय होती. ऐकताना मलासुद्धा क्षणभर वाटलं की आम्हीच कोणाचं तरी पाणी तोडलं.

साहेब मायकडे वळले. "बाई, पाण्याला जायला वाट द्यायला तुमची काय हरकत आहे?"

बाबा बोलायला उठत होते. मायनं त्यांच्या हाताला हात लावला आणि स्वतः उभी राहिली.

"पान्याले रस्ता हाये साहेब. वळसा घालून हाये. नकाशात हाये, तुमी पाहा. मले तरी काहून विचारता, त्यायले विचारा का रस्ता असताना माया अंगनातून काहून जाता. आनखी एक सांगतो. ज्या हिरीवर जायले ह्यायले मायी जागा पायजे, त्या हिरीवर मी बालटी टेकवली का ह्या बाया आपल्या बालट्या उचलतेत. माया मातीवर ह्यायचे पाय चालतेत. मायी बालटी नाई चालत."

 साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं.

"हे खरं आहे?"

"बायका-बायकांचं असतं काहीतरी," मास्तर म्हणाले. "आपण पुरुष विहिरीवर जात नाही. विहीर सगळ्यांचीच आहे."

"मग वाट तेवढी एकाच्याच जागेतून का?" साहेबांनी विचारलं, आणि लेआउटचा मंजूर नकाशा मागवला. त्यात आमच्या जागेतून वाट नव्हती. परवानगी त्याच बैठकीत मिळाली. कोपरा सोडायचा, फाटक आत उघडायचं, काटे लावायचे नाहीत. बाहेर पडताना मायनं विचारलं, "आन् काचायचं?" साहेबांनी ओव्हरसियरांना सांगितलं की त्या लेआउटमधली सगळी कंपाउंडं तपासा.

पावसाळ्याच्या आत बाबांनी दगडी खांब रोवून तार ओढून घेतली. माय रोज खांबांची रेघ पाहायची, वाकडी जायला नको म्हणून. कोपरा तिनं नियमात होता त्याहून जास्तच सोडला. मास्तरांना नोटीस गेली. त्यांच्या भिंतीवरच्या काचा गवंडी छिन्नीनं फोडत होता तेव्हा दिवसभर तो आवाज आमच्या घरात येत होता. आणखी काही घरांच्या भिंती उतरवाव्या लागल्या. गल्ली आमच्यावर नाराज झाली. मास्तर आमच्याशी त्यानंतर कधी बोलले नाहीत. मला वाटलं होतं मायला काचा फुटताना ऐकून आनंद होईल. ती चूल पेटवत होती, पऱ्हाट्या मोडून घालत होती, आणि म्हणाली, "भिंत चांगली होती त्यायची. काचा कायले लावल्या काय माईत."

त्या गल्लीत रेल्वेतल्या एका बाबूची बायको होती, माझ्याहून थोडी मोठी. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते. एका सकाळी ती भरलेली बादली घेऊन विहिरीकडून आली आणि आमच्या मागल्या तारेपाशी टेकली. वळसा घालायचा तिच्यात दम नव्हता. ती नुसती उभी राहिली, हाक मारली नाही. मायनं तिला पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. थोड्या वेळानं ती बाई म्हणाली, "आई, मी इकडून जाऊ का?"

माय उठली. मागच्या तारेला तिनं एक लहान फाटक ठेवलं होतं, ते उघडलं. बाईच्या हातातली बादली घेतली. स्वतः ती बादली उचलून आमच्या अंगणातून, ओसरीपुढून, पुढच्या फाटकातून तिच्या घरी नेऊन ठेवली. बाईनं ते पाणी माठात ओतलं. मी मायच्या मागोमाग गेले होते, मी पाहिलं, तिनं ते फेकलं नाही. पुढे बाळंत होईपर्यंत ती रोज विचारून यायची आणि माय रोज फाटक उघडायची. इतर बायांनी कधी विचारलं नाही. विहिरीवर बादल्या उचलल्या जायच्या त्या जायच्याच, फक्त त्यातली एक तिथेच राहायला लागली.

पुढच्या वर्षी बाबांची बदली मेळघाटात झाली, सेमाडोहच्या बाजूला एका लहान दवाखान्यात. कुंपणामुळे झाली असं मी म्हणणार नाही, मला ठाऊक नाही. बाबांनी ट्रंक भरली. सामान आवरायला घ्यायचं का, असं त्यांनी मायला विचारलं. माय म्हणाली, "तुमी नोकरी करा. मी घर पाहातो." त्यांनी आग्रह केला नाही. ते महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.नं यायचे, येताना मध आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तार ओढून बघायचे, कुठे ढिली झाली का.

मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अमरावतीला गेले. हॉस्टेलच्या मुलींना ही गोष्ट सांगितली तेव्हा एकीनं विचारलं, एवढ्याशा वळशासाठी तुम्ही एवढं भांडलात? तिला मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. आज विचारलं तर हो म्हणेन. मास्तरांनाही तो वळसा एवढासाच होता, तरी त्यांना तो घालायचा नव्हता.